आबांच्या किल्ल्या

आमच्या गावात ‘अभ्यास दौरा’ म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "देवदर्शन कुठं कुठं?" लोकांचं चुकत नाही. मागे एकदा पंचायतीची मंडळी पाणलोटाचा अभ्यास करायला गेली होती, ती परतली तेव्हा प्रत्येकाच्या हातात पेढ्यांचे पुडे होते आणि पाणलोटाविषयी कुणी चकार शब्द काढला नाही. त्यामुळे मी सरपंच झाल्यावर पुणे जिल्ह्यातल्या दौंड आणि शिरूर तालुक्यांत मुलांच्या संरक्षणाचं काम बघायला जायचं ठरलं, तेव्हा टिंगल आमच्या घरातूनच सुरू झाली. आमचे हे म्हणाले, "लोक जिवाची मुंबई करतात, तू जिवाचं दौंड करायला निघालीस."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येक ग्रामपंचायतीत एक बाल संरक्षण समिती असते. सरपंच तिचा अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव. शिवाय पोलीस पाटील, शिक्षक, आशाताई अशी मंडळी. लहान मुलीचं लग्न ठरतंय, कुणाची शाळा सुटली, कुणाला घरात मार बसतो, कुणावर वाईट नजर आहे, याचा वास पहिल्यांदा गावालाच लागतो, तेव्हा गावानंच आधी हलावं, अशी त्यामागची कल्पना. आमच्याकडंही समिती आहे. बैठक होते, चहा होतो, सह्या होतात. पण वरच्या कार्यालयातून सांगण्यात आलं की भीमेच्या काठाला काही समित्या खरोखरच चालतात, जाऊन बघा. म्हणून मी, आमच्या अंगणवाडीच्या रेखाताई आणि ग्रामसेवक, ज्यांना सगळं गाव भाऊसाहेब म्हणतं, असे तिघे थंडीच्या दिवसांत कोकणातून निघालो.

आणखी एक कबूल करून टाकते. सरपंच होण्याआधी मी हायवेला खानावळ चालवत होते. त्यामुळे पुढं जेवणाचा उल्लेख गरजेपेक्षा जास्त येईल. तेवढं सांभाळून घ्या.

दौंड

घाट चढून देशावर आलं की डोळ्यांना अडवायला काही राहत नाही. आमच्याकडं दहा पावलांवर डोंगर, वळण, नाहीतर कुणाचं तरी आंब्याचं कलम आडवं येतं. इथं नजर निघाली की उसाच्या शेंड्यांवरून सरळ आभाळाला जाऊन टेकते. रेखाताई पहिला अर्धा दिवस "केवढं मोकळं, केवढं मोकळं" एवढंच म्हणत होत्या. उसानं खचाखच भरलेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत, मोठ्यानं गाणी लावून आमच्या पुढ्यात डुलत चालले होते, आणि त्यांच्यामागून जाताना आमच्या ड्रायव्हरनं जे शब्द वापरले ते इथं लिहिण्यासारखे नाहीत.

दौंडला साळवे मॅडम भेटल्या. बालविकास खात्याच्या पर्यवेक्षिका. उंच, चष्म्याच्या, बोलायला खणखणीत. पुढचे सगळे दिवस त्याच आमच्याबरोबर फिरणार होत्या. मी मनात म्हटलं, आता हारतुरे, बॅनर आणि तासभराचं भाषण. त्यांनी आम्हाला स्टेशनजवळच्या एका टपरीवर नेलं, मिसळ मागवली आणि म्हणाल्या, "सरपंचबाई, आधी सांगून ठेवते. आमच्याकडं सगळं चांगलं चाललेलं न्हाई. जे चाललंय ते दाखवीन, जे न्हाई तेही दाखवीन." मिसळ जहाल होती. कोकणी माणसाला खोबऱ्याचा आधार लागतो, इथं रश्श्यात नुसती आग. पण बाईचं बोलणं मला पसंत पडलं.

दुपारी आम्ही ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर गेलो. कोप्या म्हणजे उसाच्या पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कमानी. आत वाकून शिरायचं. पहाटेच नवरा-बायको कोयता घेऊन फडात जातात आणि पोरं मागं राहतात, बैलांच्या, चुलीच्या आणि रस्त्यावरच्या ट्रॅक्टरच्या सोबतीला. इथल्या समितीनं एक साधी गोष्ट केली होती. रोज आळीपाळीनं एक बाई फडात जात नाही, सगळ्यांची पोरं सांभाळते, आणि अंगणवाडीची सेविका खाऊ घेऊन तिथंच येते. त्या दिवशी जिची पाळी होती ती बीडकडची बाई एका पोराला मांडीवर, दुसऱ्याला पाठीवर घेऊन बसली होती. मी विचारलं, बरं वाटतं का एक दिवस घरी राहून? ती म्हणाली, "फडात बरं असतं ताई. तिथं ऊस रडत नाही." भाऊसाहेब एवढे हसले की मांडीवरचं पोर दचकून उठलं, आणि मग सगळ्यांचीच रडारड सुरू झाली.

वडगाव रासाई

दुसऱ्या दिवशी भीमा ओलांडून वडगाव रासाईला गेलो. नदीकाठचं गाव. पाणी संथ, काठाला कांदा, ऊस, आणि मध्येच पिवळ्या शेवंतीचा तुकडा. आमच्या नद्या पावसाळ्यात धिंगाणा घालतात आणि उन्हाळ्यात अंग चोरून बसतात. ही भीमा मात्र खात्यापित्या घरची बाई वाटली.

समितीची बैठक देवळाच्या मंडपात होती. तिथं मला भेटले मंडपवाले आप्पा. लग्नाचा मंडप, खुर्च्या, स्पीकर, सगळं यांचं. समितीत मंडपवाला कशाला, असं मी विचारलं. साळवे मॅडम म्हणाल्या, "आप्पांनाच विचारा."

आप्पांनी टोपी सारखी केली. "त्याचं आसं हाय ताई. लगीन ठरल्याची बातमी पोलीस पाटलाला शेवटी कळती. आन् मला पयली. खुर्च्या तर सांगायच्याच ना? मग मी म्हनतो, नवरीचा शाळंचा दाखला दाखवा. अठरा भरलं आसंल तर खांब रोवतो, न्हाईतर न्हाई. बँडवाल्याला बी तेच सांगितलंय."

"लोक ऐकतात?"

"पयलं न्हाई ऐकलं. एकानं घरची ताडपत्री बांधून लगीन मांडलं. पर ताडपत्रीखाली लगीन केल्यालं कुनाला आवडतंय? नवरदेवाची आईच रुसली. तवर आमी पोचलो." आप्पा शांतपणे सुपारी कातरू लागले. "ती पोरगी आता बारावीला हाय. मला बघितलं की तोंड फिरवती. फिरवू दे."

दुपारचं जेवण सेविकेच्या घरी झालं. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याचं म्हाद्या म्हणून एक दाट प्रकरण, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि ताकाचा तांब्या. भाताचा पत्ता नाही. भाऊसाहेबांनी तीन भाकऱ्यांनंतर हळूच विचारलं, "भात शेवटी असतो का?" घरच्या आजींनी त्यांच्याकडं दयेनं पाहिलं आणि म्हणाल्या, "आजारी हायसा का?" इकडं भात हा पथ्याचा पदार्थ. आमच्या भाऊसाहेबांची त्यापुढं सबंध दौऱ्यात ‘आजारी’ म्हणूनच ओळख राहिली.

परतताना मी रेखाताईंना म्हटलं, या लोकांची युक्ती कळली. ज्याच्या हातात लग्नाचा खांब, त्यालाच समितीत घेतलंय. मला ते फार आवडलं. आपल्याकडं कोण कोण घ्यावं याची नावं मी गाडीतच मोजू लागले.

रांजणगावच्या खोल्या

तिसऱ्या दिवशी रांजणगावच्या बाजूला गेलो. इथं शेतं संपतात आणि कारखाने सुरू होतात, आणि मध्ये जी जागा उरते तिथं खोल्या. एका रांगेत दहा-बारा दारं, पुढं पत्र्याची पडवी, दोरीवर कंपनीचे शर्ट. शेतकऱ्यांनी आपल्या रानात बांधून भाड्यानं दिलेल्या. बिहार, उत्तर प्रदेश, नांदेड, लातूर, सगळीकडची माणसं. नवरा-बायको दोघांची एकच पाळी लागली की लहान मुलांना खोलीत ठेवून बाहेरून कुलूप लावून जायचं. वाईट वाटलं तरी त्यांना दुसरा मार्ग दिसत नाही. कोकणात आम्ही दारं लावत नाही म्हणून मला ते ऐकूनच गुदमरल्यासारखं झालं. मग आठवलं की आमच्या आंब्याच्या बागांत नेपाळी राखणदार बायकापोरांसह राहतात आणि त्यांच्या पोरांचं दिवसभर काय होतं ते मला सांगता येणार नाही.

साळवे मॅडमनी वाटेत सगळं समजावलं. बाजूच्या वस्तीत बुद्धविहाराला लागून लोकांनी वर्गणीतून बांधलेलं मोठं सभागृह आहे. तिथं पाळणाघर सुरू करायचं असं समितीला फार दिवसांपासून वाटतंय, पण वस्तीनं होकार दिलेला नाही. तोवर निदान आग-अपघाताला दार उघडता यावं म्हणून एक नियम केला: जो कुणी मुलांना कोंडून जाईल त्यानं दुसरी किल्ली खोलीमालकाकडं ठेवायची. त्या रांगेचे मालक आबा, सत्तरी ओलांडलेले शेवंतीचे बागायतदार. त्यांनी हे काम असं मनावर घेतलं की पडवीत लाकडी फळी ठोकली, तिला खिळे, प्रत्येक खिळ्याला खोलीचा नंबर आणि किल्ली. "आबांची फळी बघाच," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता.

फळी बघितली. खिळे होते, नंबर होते. किल्ली एकही नव्हती. घरालाही कुलूप.

मॅडमनी आबांना फोन लावला. फोन घराच्या आत वाजू लागला.

तेवढ्यात रांगेतल्या शेवटून दुसऱ्या खोलीतून लहान मुलाच्या रडण्याचा आवाज आला. आम्ही गेलो. दाराला कुलूप. शेजारी खिडकी, तिला गज, आणि गजांमागं एका सात-आठ वर्षांच्या मुलीचं तोंड. कडेवर दोनेक वर्षांचा भाऊ. मला तोंड दिसायच्या आधी वास आला. गॅसचा. खानावळीत इतकी वर्षं घालवलेल्या बाईला तो वास झोपेतही कळतो.

मला वाटलं पोरीला मराठी कळणार नाही. मी माझं ठेवणीतलं हिंदी काढलं. "बेटा, वो सिलेंडर के ऊपर जो काळा बटन है ना, उसको जोर से पिरगळो."

ती म्हणाली, "मावशी, मला मराठी येतं. मी दुसरीत हाय."

नाव रिंकी. भावाचं गोलू. गोलूला ताप होता म्हणून तिनं दूध तापवायला ठेवलं, दूध उतू गेलं, जाळ विझला. शेगडीचं बटण तुटलेलं, ते पकडीनं फिरवायचं, आणि ती पकड घाबरून हातातून निसटली ती ओट्यामागं पडलेली. हे सगळं ती शाळेत धडा सांगावा तसं सांगत होती.

"रिंकी," मी म्हटलं, "गोलूला इथं खिडकीत उभा कर. रेखामावशी त्याचा हात धरतील. दिव्याचं बटण, पंख्याचं बटण, कशालाच हात लावायचा नाही. आता सिलेंडरकडं जा. रेग्युलेटर दोन्ही हातांनी धर."

"घट्ट हाय."

"असूदे. मी थांबलेय. घाई नाही." घाई होती, पण पोरीला ते सांगायचं नसतं. "घड्याळाच्या काट्यासारखा फिरव. घड्याळ येतं ना?"

"अजून नाही शिकवलं."

आता आली का पंचाईत. मी खिडकीतून हात आत घालून हवेत फिरवून दाखवला. तिनं पाठ वळवून माझ्या हातासारखा हात केला, ओठ दुमडले आणि जोर लावला. खट्‌ आवाज मला बाहेर ऐकू आला. नवससायास करणारी मी नाही, पण त्या आवाजाला मी हात जोडले.

इकडं भाऊसाहेब आणि साळवे मॅडम कुलपावर दगड घालत होते. कुलूप भक्कम. भाऊसाहेबांचा तिसरा दगड स्वतःच्याच अंगठ्यावर बसला आणि ते कण्हत खाली बसले. त्या आवाजानं शेजारच्या खोलीतला, रात्रपाळी करून झोपलेला नांदेडकडचा फिटर बनियनवर बाहेर आला. त्यानं दाराकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं. "कुलूप कशाला फोडता? कोयंड्याचे स्क्रू बाहेरूनच हायत की." आत गेला, पेचकस आणला आणि बोलता बोलता कोयंडा कुलपासकट हातात काढून दिला. दार उघडलं. गोलूला मी उचलला. अंग तव्यासारखं. रिंकी मात्र लगेच बाहेर आली नाही. ती आधी फडकं घेऊन सांडलेलं दूध पुसायला लागली. मी ओरडले तेव्हा आली.

गोलूला रेखाताईंनी डॉक्टरकडं नेलं. साधा ताप निघाला. आम्ही पडवीत बसून होतो तेव्हा आबा लुनावरून आले. पांढरं धोतर, हँडलला लटकवलेली पिशवी, चेहऱ्यावर आनंद. गाडी लावता लावता म्हणाले, "पावनं लवकर आलं जनू. म्हटलं कोकनातली मानसं, मासं खानारी. बाजारातनं जित्ती चिलापी आनली." मग त्यांचं लक्ष उघड्या दाराकडं गेलं, लोंबणाऱ्या कोयंड्याकडं गेलं.

"आबा, किल्ल्या कुठंयत?" मॅडमनी विचारलं.

आबांनी बंडीच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. "घरात कुनी नव्हतं. मंडळी फुलं तोडाय गेल्याली. आशा उघड्यावर कशा टाकाव्या? कुनी नेल्या तर? जोखमीची वस्तू हाय, म्हनून संगं घेतल्या." मग मॅडमनी काय घडलं ते सांगितलं. आबा मासळीची पिशवी हातात घेऊन तसेच उभे राहिले. पिशवी मध्येच हलत होती.

मला त्या म्हाताऱ्याचा राग यायला हवा होता. आला नाही. त्यांनी हयगय केलीच नव्हती. काळजी करकरून ते किल्ल्या दूर घेऊन गेले होते. नियम होता, फळी होती, चांगला माणूस होता, आणि तरी पोरं आत कोंडलेलीच होती. साळवे मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बघितलंत? म्हटलं होतं ना, न्हाई चाललेलं बी दाखवीन. एवढं दाखवायचं नव्हतं पण."

ती चिलापी मी रांधली. आबांच्या घरातल्या मंडळी परत आल्या होत्या, त्यांनी चूल मोकळी करून दिली. माझ्या पिशवीत घरची कोकमं असतात, कुठंही गेले तरी. नदीच्या माशाला समुद्राची चव नसते, काटे मात्र भरपूर असतात. पण कोकम आणि लसूण पडल्यावर त्यानंही बरी वागणूक दिली. रिंकीनं दोन तुकडे खाल्ले. शाळेत रोज जातेस का, असं विचारलं तर म्हणाली, "मम्मीची दुसरी, दुपारची पाळी आसली की जाते. पयली आसली की न्हाई." आबा जेवलेच नाहीत. ताटावर बसले आणि उठले.

पहिली पाळी सुटल्यावर कंपनीची बस आली आणि रिंकीची आई, बबिता, उतरली. उत्तर प्रदेशातली, अंगानं किरकोळ, बिल्ला अजून गळ्यात. नवऱ्याची बस अजून यायची होती. तिनं ऐकलं. आधी रिंकीच्या पाठीत एक धपाटा घातला, गॅसला हात का लावलास म्हणून. मग तिथंच जमिनीवर बसली आणि साळवे मॅडमना विचारलं, "मैडम, मेरे बच्चे ले जाओगे क्या?"

हाच तो खरा प्रश्न होता. मॅडम तिच्यासमोर खाली बसल्या. "मुझे ऊपर बताना पड़ेगा, बबिता. क्या हुआ वो, और हमने क्या किया वो भी. दूसरी बात लिखने लायक कुछ होना चाहिए." मग उठून आबांना म्हणाल्या, "संध्याकाळी वस्तीत बैठक बोलावते. तुम्ही येणार ना?"

"येतो की," आबा म्हणाले. "जुडगा घिऊनच येतो."

सभागृहात

बैठक दिवेलागणीला सभागृहात भरली. स्वच्छ फरशी, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो, कपाटात स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, कोपऱ्यात घड्या घातलेल्या सतरंज्या. वस्तीतल्या जयश्रीताई पंचायतीच्या सदस्य आहेत आणि एका कंपनीत तपासणी विभागात नोकरीला. पाळीवरून आल्या त्या तशाच बसल्या. वस्ती होकार का देत नाही याचं मला कुतूहल होतं. परप्रांतीयांचा राग असेल, असं मला वाटलं होतं.

तो राग दुसऱ्याच कुणाला होता. गावातला एक जण मागून म्हणाला, "ही पोरं हितली न्हाईत. उद्या कंपनी बदलली की जात्याल निघून. त्यांच्यासाठी आपुन का हॉल आडकवायचा?"

जयश्रीताईंनी मान वळवली. "जात्याल तवा जात्याल. आज तर हितं हायत. आमच्या म्हाताऱ्या बी एक काळ गावाभायेरच ऱ्हायच्या. हितलं कोन आन् भायेरचं कोन, ते आम्हाला नका शिकवू." मग त्या साळवे मॅडमकडं वळल्या. "मॅडम, आम्ही पाळणाघराला न्हाई कवाच म्हटलं न्हाई. आम्ही म्हटलं, हॉल पंचायतीच्या ताब्यात देनार न्हाई. आमच्या बायांनी पाट्या वाहून बांधलाय ह्यो. पंचायतीचं कुलूप एकदा लागलं की रविवारच्या वंदनेला आम्हीच भायेर उभं ऱ्हायचं. हे म्या नगं तितक्या जागी बघितलंय. तुम्ही दर येळी ठरावाचा कागद आनता, ताब्यात द्या म्हनता. नुसतं ‘चालवू द्या’ आसं एकदा तरी म्हनलात का?"

साळवे मॅडमनी हातातली वही मिटली. "न्हाई म्हटलं. आमच्या नमुन्यात तसं बसत नव्हतं."

"मग नमुना बदला."

"बदलते," मॅडम म्हणाल्या. अशी सरळ कबुली मी सरकारी माणसाच्या तोंडून क्वचित ऐकली आहे, आणि मला त्या बाईचा अभिमान वाटला.

पुढचं पटापट ठरलं. हॉल वस्तीचा, कुलूप वस्तीचं. वस्तीतल्याच दोन बायका मुलं सांभाळणार, पंचायत त्यांना मानधन देणार आणि खाऊ अंगणवाडीतून येणार. उद्यापासूनच, पहिल्या पाळीची बस सुटायच्या आधी दार उघडायचं. शाळेच्या वयाच्या पोरांना तिथून शाळेत पोचवायचं. रविवारी सकाळी वंदना. तेवढ्यात आबा उठले. जुडगा हातात होता.

"माझं एक आईका. ह्या किल्ल्या म्या लई जपल्या. जपायचं व्हतं पोरांला, म्या किल्ल्याच जपत बसलो." त्यांनी जुडगा सतरंजीवर ठेवला. "ज्याच्या त्याला परत देऊन टाका. माझ्या खोल्यांत आता पोराला भायेरनं कुलूप घालायचं न्हाई. घालनाऱ्याला खोली न्हाई."

"आबा," जयश्रीताई म्हणाल्या, "खोलीतनं काढू नका कुनाला. हितं पाठवा."

"बरं. हितं पाठवतो," आबा म्हणाले आणि खाली बसले. मग कुणीतरी चहा आणला, आणि मला वाटतं त्या दिवसातलं पहिलं काही आबांच्या पोटात गेलं ते तो चहा.

निघताना

आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटेच परतीला लागणार होतो. साळवे मॅडम म्हणाल्या, जाता जाता सभागृहावरून जा. थंडी बोचरी होती, शेवंतीच्या रानावर धुकं उतरलं होतं आणि हमरस्त्यावर कंपन्यांच्या बस एकामागून एक थांबत होत्या. फीत नव्हती, नारळ नव्हता, फोटोवाला नव्हता. दार उघडं होतं. आत दोन बायकांनी सतरंज्या अंथरल्या होत्या आणि जयश्रीताई स्वतः कामावर जायच्या आधी दूध गरम करत होत्या. आबा पायरीवर बसले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

बबिता दोन्ही मुलांना घेऊन आली. गोलूचा ताप उतरला होता. तो सतरंजीवरच्या चेंडूकडं बघून हात-पाय झाडू लागला. बसचा हॉर्न वाजला. बबिता म्हणाली, "जा बेटा, अंदर जा."

रिंकी गेली नाही. गोलूला तिनं घट्ट धरून ठेवलं आणि ती दाराकडं बघत उभी राहिली. बाहेरच्या कडीकडं बघितलं, आतल्या कडीकडं बघितलं. एक बाई प्रेमानं तिला ओढायला पुढं झाली. जयश्रीताईंनी हातानंच तिला थांबवलं. हॉर्न पुन्हा वाजला, तरी बबिता हलली नाही.

मग रिंकीनं गोलूला माझ्याजवळ दिलं. एकटीच आत गेली. दार लोटलं, आतून कडी घातली. आम्ही सगळे बंद दारासमोर उभे. आबाही उठून उभे राहिले. आत कडी सरकली, दार उघडलं आणि ती बाहेर आली. पुन्हा आत गेली, पुन्हा कडी घातली, पुन्हा उघडली.

मग ती आईला म्हणाली, "जा मम्मी, तेरी बस जाएगी," आणि माझ्याकडून भावाला घेऊन आत गेली.